हृदयाची झडप उघडणारे डॉ. प्रफुल्लकुमार सेन

मुंबईस परळ येथें म्युनिसिपालिटीचें के. ई. एम. इस्पितळ आहे, हें नाशिक जिल्ह्यांतील आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. गांवच्या दवाखान्यांत गुण येईना, नाशकांतही दुखण्याचा उमज पडेना, कीं नाशिक रोड स्टेशनावर गाडी धरावी, कसाऱ्याचा घाट उतरून दादर गांठावें आणि परळची वाट विचारीत जावें, असा क्रम कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्याच इस्पितळांत शल्यवैद्य म्हणून ज्यांनीं आपल्या उमेदीचीं वर्षें वेंचलीं, त्या डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचें चरित्र आज आम्ही येथें देत आहों. एका माणसाचें हृदय काढून दुसऱ्याच्या छातींत बसविण्याचा आपल्या देशांतील पहिला प्रयत्न त्यांनीं १९६८ सालीं केला, व त्या एका गोष्टीमुळें त्यांचें नांव दूरवर झालें. परंतु आमच्या मतें त्यांचें खरें उपकारक काम निराळेंच होतें. तें त्याहून पुष्कळ आधीं सुरू झालें, त्याचा गवगवा फारसा झाला नाहीं, आणि आमच्या खेड्यापाड्यांतील लोकांशीं त्याचा संबंध फार जवळचा आहे. म्हणून त्याचीच हकीकत आम्ही विस्तारानें सांगणार आहों.

डॉ. सेन यांचा जन्म १९१५ सालच्या डिसेंबर महिन्यांत कलकत्त्यास एका बंगाली कुटुंबांत झाला. परंतु त्यांचें बाळपण नागपुराकडे गेलें. वैद्यकी शिकण्यासाठीं ते मुंबईस आले आणि शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजांत दाखल झाले. हें कॉलेज व त्यास जोडलेलें के. ई. एम. इस्पितळ हीं दोन्हीं १९२६ सालीं सुरू झालीं होतीं. त्या काळीं सरकारी वैद्यकशाळांतील मोठमोठ्या जागा बहुतेक विलायती अधिकाऱ्यांकडे असत. गोरधनदास शेठजींच्या पैशांतून जी देणगी मिळाली तिला मात्र अशी अट होती कीं, या कॉलेजांत शिकविणारे सारे हिंदी असावेत. या अटीचा परिणाम आम्हांस मोठा वाटतो. अवघड प्रसंग आला असतां वर तोंड करून ज्याच्याकडे पाहावें असा साहेब येथें कोणी नव्हता. जें करावयाचें तें आपणच, असा धडा येथील तरुण डॉक्टरांस पहिल्या दिवसापासून मिळे. सेन येथेंच एम. बी. बी. एस. झाले, पुढें एम. एस. झाले, आणि येथेंच ते शिकवूं लागले.

आतां पुढील हकीकत नीट कळावी म्हणून हृदयाची थोडी माहिती देतों. हृदय म्हणजे मुठीएवढा स्नायूचा पंप होय. तो मिनिटास सत्तर-ऐंशी वेळां, म्हणजे दिवसाकांठीं एक लाखाच्या आसपास वेळां आकसतो. त्यांत चार कप्पे आहेत, आणि रक्त एकाच दिशेनें पुढें जावें, मागें फिरूं नये, यासाठीं चार झडपा आहेत. ज्यांच्या विहिरीवर पंप बसविलेला आहे त्या शेतकरी बंधूंस फूटव्हॉल्व म्हणजे काय हें आम्हीं सांगावयास नको. तो गळूं लागला किंवा त्यांत गाळ अडकला, कीं वर पंप कितीही धडधडो, पाटास पाणी यावें तसें येत नाहीं. हृदयाचेंही तसेंच आहे. फुप्फुसांत शुद्ध झालेलें रक्त हृदयाच्या डाव्या अंगास वरच्या कप्प्यांत येतें, तेथून खालच्या कप्प्यांत उतरतें, आणि खालचा कप्पा तें साऱ्या शरीरांत ढकलतो. या वरच्या व खालच्या कप्प्यांमधील झडपेस मायट्रल झडप म्हणतात. तिला दोन पाळ्या असून तिचा आकार बिशपाच्या उंच दुभंगलेल्या टोपीसारखा दिसतो. म्हणून सोळाव्या शतकांत वेसालिअस नांवाच्या शरीरशास्त्रज्ञानें त्या टोपीचेंच नांव तिला दिलें. धडधाकट मनुष्यांत ही झडप उघडली म्हणजे चार ते सहा चौरस सेंटिमीटरांची वाट होते. दोन बोटें तींतून सहज जावींत.

या झडपेच्या रोगाचा आरंभ बहुधा घशांत होतो, हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल. पांच ते पंधरा वर्षांच्या मुलांचा घसा स्ट्रेप्टोकॉकस नांवाच्या जंतूंमुळें सुजतो. तें दुखणें चार दिवसांत ओसरतें व सगळे विसरून जातात. परंतु अशा मुलांपैकीं कांहींस दोन-तीन आठवड्यांनीं ताप भरतो आणि सांधे सुजतात. आज गुडघा, तो सुटला कीं परवां घोटा, मग कोपर. यास डॉक्टर लोक ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. जंतूंशीं झगडण्यासाठीं शरीरानें जें हत्यार तयार केलेलें असतें तेंच भ्रमानें आपल्या सांध्यांवर व हृदयावर चालतें, असें या रोगाचें स्वरूप आहे. सांधे कांहीं दिवसांत मोकळे होतात, मूल पुन्हां खेळूं लागतें, आणि घरचीं माणसें निश्चिंत होतात. हृदयाचें मात्र तसें नाहीं. तेथें सुजलेल्या झडपेवर वण राहतो. घसा पुन्हां आला, ताप पुन्हां आला, कीं वणावर वण बसतो. पाळ्या जाड व ताठ होतात, त्यांच्या कडा एकमेकींस चिकटतात, आणि जेथून दोन बोटें जावींत तेथें कालांतरानें गुंडीच्या काजाएवढी फट उरते.

दाटीवाटीनें राहणाऱ्या गरिबांत हा रोग अधिक. एका खोलींत सात-आठ माणसें निजत असलीं म्हणजे एकाचा घसा दुसऱ्यास लागण्यास उशीर कसला? गेल्या शतकाच्या आरंभीं विलायती वैद्यांचा असा समज होता कीं, हा थंड हवेचा रोग असून उष्ण देशांत तो क्वचितच आढळतो. आपल्या इस्पितळांतील डॉक्टरांनीं डोळे उघडून पाहिलें तेव्हां याच्या उलट दिसून आलें. तो येथें होता एवढेंच नव्हे, तर येथें तो अधिक निर्दय होता. युरोपांत झडप इतकी अरुंद होण्यास पुष्कळदां वीस-वीस वर्षें लागत. आपल्याकडे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींतच ती मिटत आलेली आढळे.

झडप मिटत चालली म्हणजे रक्त मागें तुंबतें, आणि तें तुंबतें फुप्फुसांत. प्रथम चढण चढतांना, पाण्याचा हंडा आणतांना धाप लागते. मग सपाटीवर लागते. मग रात्रीं आडवें होतां येत नाहीं. रोगी भिंतीस टेकून बसून पहांट करतो. खोकला लागतो, त्यांतून रक्त पडतें, आणि रक्त पाहतांच शेजारीपाजारी क्षय झाला असें ठरवून मोकळे होतात. अशा कित्येक सुनांस क्षयी म्हणून माहेरीं धाडण्यांत आलें, व ज्या रोगाचा त्यांच्या अंगांत लेशही नव्हता त्याचा कलंक त्यांनीं सोसला. स्त्रियांस या रोगाचा त्रास विशेष; कारण गरोदरपणांत रक्ताचें मान वाढतें, अरुंद झडपेंतून तें जात नाहीं, आणि तोंवर कशीबशी चाललेली स्त्री पांचव्या-सहाव्या महिन्यानंतर एकाएकीं गुदमरूं लागते. कांहींच्या हृदयांत रक्ताची गांठ होऊन ती मेंदूकडे जाते व ऐन तारुण्यांत अर्धांगवायूचा झटका येतो.

हा रोग ओळखावा कसा? येथें सेन यांच्याही आधीं होऊन गेलेल्या एका फ्रेंच वैद्याचें स्मरण केलें पाहिजे. १८१६ सालीं पॅरिस शहरीं लेनेक नांवाच्या डॉक्टरानें कागदाची सुरळी करून एका रोगिणीच्या छातीस लावली, आणि नुसता कान लावल्यानें ऐकूं येत नसे तें त्यास स्वच्छ ऐकूं आलें. आज प्रत्येक डॉक्टराच्या गळ्यांत दिसणारी नळी ती हीच. मायट्रल झडप मिटूं लागलेल्या रोग्याच्या छातीवर तळहात ठेवला तर मांजर घुरघुरावें तशी थरथर कधीं कधीं हातास लागते, हेंही लेनेक यानें लिहून ठेविलें आहे. रोग्यास डाव्या कुशीवर निजवून नळी लावली तर हृदयाचा पहिला ठोका नेहमीपेक्षां खणखणीत वाजतो व दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यांत दूरच्या गडगडाटासारखा मंद आवाज येतो. तयार कानास एवढें पुरे असतें. पुढें क्ष-किरणांचें चित्र आलें, हृदयाच्या विजेचा आलेख आला, आणि हाताच्या शिरेंतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवून आंतील दाब मोजण्याची युक्ति आली. १९५३ सालीं स्वीडन देशांत एड्लर व हर्ट्‌झ या दोघांनीं कानास न ऐकूं येणाऱ्या नादाच्या लहरी छातींत सोडून त्यांच्या पडसादावरून हृदयाची हालचाल टिपली. तिचा पहिला मोठा उपयोग या मायट्रल झडपेच्या तपासणीसाठींच झाला. आज नाशकांत ज्या तपासणीस लोक एको म्हणतात ती तिचीच सुधारलेली आवृत्ति होय. तींत झडप उघडतांना व मिटतांना पडद्यावर प्रत्यक्ष दिसते, आणि तिची वाट किती चौरस सेंटिमीटर राहिली हेंही मोजतां येतें.

परंतु सेन तरुण होते त्या काळीं रोग ओळखूनही उपयोग थोडाच होता. डिजिटॅलिसचें औषध द्यावें, मीठ वर्ज्य करावें, पडून राहावयास सांगावें, आणि शेवटाची वाट पाहावी, याहून अधिक डॉक्टराच्या हातीं कांहीं नव्हतें. हृदयास शस्त्र लावणें म्हणजे मनुष्यवध, अशी मोठमोठ्या शल्यवैद्यांची समजूत होती. १९२५ सालीं लंडनमध्यें सूटर नांवाच्या शल्यवैद्यानें एका मुलीच्या हृदयांत बोट घालून झडप चाचपली. मुलगी त्यांतून उठली व पुढें कांहीं वर्षें जगली. तरीसुद्धां त्यानंतर त्याच्याकडे असा दुसरा रोगी कोणाही वैद्यानें पाठविला नाहीं. दोष झडपेचा नसून हृदयाच्या स्नायूचा आहे, झडप उघडून काय होणार, असें त्या वैद्यांचें म्हणणें. ही समजूत खोडून निघण्यास तेवीस वर्षें लागलीं. अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं बेली नांवाच्या शल्यवैद्यानें हा यत्न पुन्हां आरंभिला. त्याच्या हातून पहिले चार रोगी दगावले. लोकांनीं त्यास नांवें ठेविलीं, इस्पितळांनीं दारें लावलीं. १० जून १९४८ या दिवशीं सकाळीं चौथा रोगी गेला, आणि त्याच दिवशीं दुसऱ्या इस्पितळांत त्यानें पांचव्या रोगिणीवर शस्त्रक्रिया केली, ती वांचली. त्याच महिन्यांत बोस्टन येथें हार्कन यानें व त्याच सालीं लंडनमध्यें ब्रॉक यानें अशींच यशें मिळविलीं. बेलीनें त्या दिवशीं दुसरें इस्पितळ गांठलें तें धैर्य कीं दुराग्रह, याचा निर्णय आम्हांस करतां येत नाहीं. एवढें खरें कीं, ती पांचवी स्त्री मेली असती तर पुष्कळ वर्षें या कामास कोणी हात लावला नसता.

याच फिलाडेल्फिया शहरीं, १९४९ च्या सुमारास, डॉ. सेन हे रॉकफेलर संस्थेच्या शिष्यवृत्तीवर पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांत अधिक शिक्षणासाठीं गेले. त्या वेळीं या शहरांत छाती उघडून हृदयापर्यंत जाण्याची विद्या नवी नवी होती. तेथेंच गिबन नांवाचे दुसरे शल्यवैद्य हृदय व फुप्फुस यांचें काम कांहीं काळ बाहेरून चालविणारें यंत्र बनविण्याच्या खटपटींत होते. तें १९५३ सालीं प्रथम सफळ झालें. सेन यांनीं जें पाहिलें व शिकलें तें घेऊन ते परळास परत आले. परदेशीं राहून मोठी प्राप्ति करावी असा मोह कित्येकांस होतो; सेन म्युनिसिपालिटीच्या इस्पितळांत परतले, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतों.

१९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत के. ई. एम. मध्यें मिटलेली मायट्रल झडप मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया होऊं लागल्या. त्याच काळांत दक्षिणेस वेलोर येथें, डॉ. आयडा स्कडर यांनीं स्थापिलेल्या मिशन इस्पितळांत, डॉ. रीव्ह बेट्स हे अमेरिकन मिशनरी शल्यवैद्य छातीच्या शस्त्रक्रियेचा पाया घालीत होते. हृदयावरील शस्त्रक्रिया या देशांत रुजली ती अशा मोजक्या ठिकाणीं, व ती दोन्हीं ठिकाणें गरिबांच्या इस्पितळांचीं होतीं.

ही शस्त्रक्रिया कशी होत असे तें सांगतों. रोग्यास गुंगीचें औषध देऊन उजव्या कुशीवर निजवीत. डाव्या बरगड्यांमधून छाती उघडीत. समोर हृदय उडत असे; तें थांबविण्याचें कारण नव्हतें आणि थांबविण्याचें साधनही नव्हतें. डाव्या वरच्या कप्प्यास कानाच्या पाळीसारखा एक लहान पदर असतो. त्याच्याभोंवतीं बटव्याच्या नाडीसारखा दोरा ओंवून घेत, मग पदरास चीर पाडून तींतून शल्यवैद्य आपली तर्जनी आंत घाली, व मदतनीस नाडी आंवळून रक्त थोपवी. यापुढें डोळ्यांचा उपयोग संपला. रक्तानें भरलेल्या, उडत्या कप्प्यांत त्या एका बोटाच्या टोंकानें झडप शोधावयाची, फट कोठें आहे, कडा कोठें चिकटल्या आहेत, चुनखडी सांचली आहे काय, रक्त मागें उसळतें काय, हें सारें चाचपून जाणावयाचें. आणि मग बोटानेंच, बेतानें दाब देऊन, चिकटलेली कड उकलावयाची. दाब थोडा पडला तर कड सुटत नाहीं. अधिक पडला तर पाळीच फाटते आणि मिटलेल्या झडपेच्या जागीं गळकी झडप होते, जी पहिलीहून वाईट. बोट फटींत असेपर्यंत रक्ताची वाट बंद. म्हणून तें दोन-तीन ठोक्यांपलीकडे तेथें ठेवतां येत नाहीं. पदरांत रक्ताची गांठ दडलेली असली व ती सुटून मेंदूकडे गेली, तर झडप उघडूनही रोगी लुळा होतो. पुढें पुढें बोटाबरोबर एक उघडतें-मिटतें हत्यार खालच्या कप्प्यांतून आंत घालण्याची रीत आली व काम अधिक सुकर झालें. तरी मार्गदर्शक बोटच राहिलें.

यांत मोठें यंत्र लागत नसे, रक्तही फार लागत नसे. आणि खर्च असा नसे कीं म्युनिसिपालिटीच्या इस्पितळानें हात टेंकावेत. यामुळें ही शस्त्रक्रिया आपल्या देशास फार मानवली. श्रीमंत देशांनीं ती सोडून दिल्यावरही आपल्याकडे कित्येक वर्षें ती चालू होती, व परळांत शेंकडों लोकांस तिच्यायोगें पुन्हां उताणें निजतां आलें. यांत गिरणीकामगार होते, तशीच गांवाकडून आलेलीं माणसेंही होतीं. आडवें होऊन झोंप घेणें ही देणगी आहे हें ज्यानें महिनोन्‌महिने बसून रात्र काढली त्यासच कळेल. गरोदर स्त्रियांवरही जरूर पडल्यास ही शस्त्रक्रिया करीत, आणि आई व मूल दोघेंही वांचत.

मात्र कोणावर शस्त्रक्रिया करावी व कोणावर करूं नये हें ठरविणें शस्त्र चालविण्याहून कठीण होतें. झडप नुसती मिटलेली असेल तरच बोटाचा उपाय. ती गळकी असेल, तिच्यावर चुनखडीचे थर असतील, किंवा आंतला ताप अजून धुमसत असेल, तर बोट घालणें म्हणजे घात. म्हणून हृदयरोगाच्या वैद्यानें नळीनें ऐकून, नाडी पाहून व चित्रें तपासून निवड करावयाची, आणि शल्यवैद्यानें त्या निवडीवर विसंबून छाती उघडावयाची, अशी दोघांची जोडी लागे. शिवाय उघडलेली झडप कायमची उघडी राहतेच असें नाहीं. दहा-पंधरा वर्षांनीं ती कित्येकांत पुन्हां चिकटते. गळक्या झडपेस खरा उपाय पुढें निघाला. १९६० सालीं अमेरिकेंत स्टार नांवाचे शल्यवैद्य व एडवर्ड्‌स नांवाचे इंजिनियर यांनीं पिंजऱ्यांत चेंडू घातलेली कृत्रिम झडप बनवून मायट्रल झडपेच्या जागीं बसविली. ती बसविण्यास हृदय थांबवून उघडावें लागतें, म्हणजे यंत्र आलेंच. तशा शस्त्रक्रियाही के. ई. एम. मध्यें पुढें होऊं लागल्या. विलायती झडपेची किंमत गरिबांस झेंपत नसे. आपल्या देशांत तयार झालेली झडप त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेंत १९९० सालच्या डिसेंबरांत प्रथम एका रोग्यास बसविली, तेव्हां डॉ. सेन हयात नव्हते.

सेन यांची जिज्ञासा एका जागीं बसणारी नव्हती. त्यांनीं प्रयोगशाळा उभारून नव्या शस्त्रक्रिया आधीं कुत्र्यांवर करून पाहण्याचा शिरस्ता ठेविला. आपल्याकडील तरुणांत, विशेषतः स्त्रियांत, शरीराची मोठी धमनी सुजून आंखडण्याचा एक रोग आढळतो. त्याविषयीं त्यांनीं डॉ. किनरे, डॉ. परुळकर इत्यादि सहकाऱ्यांसह जें संशोधन केलें तें परदेशांतही मान्य झालें. सर्पासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूस आंतल्या कप्प्यांतूनच थेट रक्त मिळतें, हें पाहून मनुष्याच्या रक्त न पोंचणाऱ्या हृदयासही सुयांनीं बारीक छिद्रें पाडून तसेंच रक्त पुरवितां येईल काय, असा विचार त्यांनीं १९६० नंतरच्या दशकांत केला व तो करूनही पाहिला. पुढें दुसऱ्यांनीं हीच कल्पना लेसर किरणांनीं चालविली. चित्रें काढण्याचा व कविता रचण्याचाही त्यांस नाद होता. असो.

आतां ज्या गोष्टीसाठीं त्यांचें नांव घेतात ती सांगतों. ३ डिसेंबर १९६७ रोजीं दक्षिण आफ्रिकेंत डॉ. बर्नार्ड यांनीं मनुष्याचें हृदय दुसऱ्या मनुष्यास बसविलें, आणि सारें जग चकित झालें. सेन व त्यांचे सहकारी कुत्र्यांवर हा अभ्यास आधींपासून करीत होते. १९६८ सालच्या फेब्रुवारींत त्यांनीं परळांत तें कार्य केलें. जगांतील अशा अगदीं पहिल्या थोड्या प्रयत्नांपैकीं तो एक होता. नवें हृदय चालूं लागलें, परंतु रोगी तीन तासांच्या आंत मरण पावला. त्याच सालीं पुढें त्यांनीं दुसरा यत्न केला. तो रोगीही दुसरा दिवस फारसा पाहूं शकला नाहीं. मेंदू मेलेला पण हृदय उडत असलेला मनुष्य मृत मानावा काय, याविषयीं या देशांत त्या वेळीं कायदा नव्हता. तो १९९४ सालीं झाला, आणि त्याच सालच्या ऑगस्टांत दिल्ली येथें डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून पहिलें यशस्वी हृदयरोपण झालें. मधल्या सव्वीस वर्षांत कोणीही तिकडे वळलें नाहीं.

कित्येक लेखक सेन यांच्या चरित्रांत या दोन शस्त्रक्रियांसच शिखर मानतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यांत साहस होतें व विद्याही होती, याबद्दल वाद नाहीं. पण तीं दोन्हीं माणसें गेलीं. उलट ज्या कामाची बातमी कोणत्याही वर्तमानपत्रानें मोठ्या अक्षरांत छापली नाहीं, त्या बोटाच्या कामानें किती घरांत आई परत आली याचा हिशेब कोणी ठेविलेला नाहीं. शिवाय पहिल्या कामांत त्यांस जें धैर्य लागलें तें रोजचें होतें. आज एक दगावला तरी उद्यांच्या यादीवर दुसरा आहे, आणि त्याच हातानें त्याच्या हृदयांत शिरावयाचें आहे, अशा स्थितींत वर्षानुवर्षें हात न कांपूं देणें आम्हांस एका दिवसाच्या कीर्तीहून कठीण वाटतें.

आणखी एक गोष्ट येथें सांगणें जरूर आहे, कारण आमचे उपदेशक बंधु घरोघरीं जातात व मुलें त्यांच्या डोळ्यांसमोर असतात. या रोगाचा पाया घशांत आहे हें वर आलेंच. ज्या मुलास एकदां ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेला त्यास बेंझाथीन पेनिसिलिनची सुई दर तीन-चार आठवड्यांनीं, वर्षानुवर्षें, न चुकतां टोंचली तर ताप सहसा उलटत नाहीं व झडप पुढें बिघडत नाहीं. ही सुई स्वस्त आहे. अडचण किंमतीची नसून दुसरीच आहे. मूल धडधाकट दिसतें, सुई दुखते, दवाखाना चार कोसांवर, शेताचें काम खोळंबतें. म्हणून सहा महिन्यांनीं ती बंद पडते. पेठ-सुरगाण्याकडील कोणा मुलाचे सांधे धरले व सुटले असें कानांवर आलें, किंवा एखादी लेंकुरवाळी स्त्री रात्रीं बसून राहते असें कळलें, तर तिला क्षय ठरविण्याआधीं डॉक्टराकडून छाती ऐकवून घ्यावी व एको काढून घ्यावा. डॉ. सेन यांच्या काळीं परळ गांठल्यावांचून जें कळत नसे तें आज नाशकांत अर्ध्या तासांत कळतें.

डॉ. सेन १९८२ सालीं वारले. त्याच सालीं जपानांत कान्जी इनोउये नांवाच्या शल्यवैद्यानें छाती न उघडतां मायट्रल झडप मोकळी करण्याची रीत प्रथम मनुष्यावर चालविली. मांडीच्या शिरेंतून एक नळी हृदयापर्यंत नेतात, दोन वरच्या कप्प्यांमधील पडद्यांतून ती डावीकडे घालतात, आणि झडपेच्या फटींत नळीच्या टोंकावरील फुगा क्षणभर फुगवितात. रोगी बहुधा दोन-तीन दिवसांत आपल्या पायांनीं घरीं जातो. सेन ज्या चिकटलेल्या कडा आपल्या तर्जनीनें उकलीत त्याच कडा तो फुगा उकलतो, व तोही त्याच प्रकारच्या झडपेंत चालतो ज्या प्रकारच्या झडपेंत तें बोट चाले.